टेप बॅकअप: रात्री भराभर लिहिलं जातं, मग परत आणायला पावणेदोन दिवस का लागतात?

रातपाळी | सोमवार, रात्री ११:४०

नमस्कार मंडळी,

चाकणला वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात मी सर्व्हर आणि बॅकअप बघतो. लहानमोठे २४ सर्व्हर आहेत. त्यातला सगळ्यांच्या जिव्हाळ्याचा म्हणजे फाइल सर्व्हर. ड्रॉइंग, सीएनसी (संगणकावर चालणाऱ्या) मशीनचे प्रोग्रॅम, तपासणीचे अहवाल सगळं त्याच्यावर. ३.६ टीबी डेटा, पण फाइल्स ४२ लाख. टेप लायब्ररी, म्हणजे टेपा आपोआप काढणारं-घालणारं यंत्र, २४ स्लॉटची, त्यात अर्ध्या उंचीचे दोन एलटीओ-८ ड्राइव्ह (एलटीओ हा बॅकअपच्या चुंबकीय टेपचा प्रकार, ८ ही त्याची पिढी). शनिवारी रात्री फुल बॅकअप, बाकी दिवशी इन्क्रिमेंटल, म्हणजे आदल्या बॅकअपनंतर बदललेलं तेवढंच.

आधी आमच्याकडे एलटीओ-६ होते. नवे ड्राइव्ह आले तेव्हा वाटलं, आता रात्र निवांत जाईल. झालं उलटंच. ड्राइव्ह सारखा थांबायचा, मागे जायचा, पुन्हा सुरू व्हायचा. त्याचा तो आवाज अजून कानात आहे. फुल बॅकअपला १९ तास लागायचे. पुरवठादाराच्या इंजिनिअरने मल्टिप्लेक्सिंग १२ वर नेलं, म्हणजे एका टेपवर एकाच वेळी १२ स्ट्रीम (डेटाचे प्रवाह) मिसळून लिहायच्या. १९ तासांचं काम १० तासांवर आलं. रविवारी सकाळी सगळं हिरवं दिसायचं. सगळे खूश होते, मीही होतो.

दोन आठवड्यांपूर्वी बुधवारी दुपारी फाइल सर्व्हरचा रेड कंट्रोलर (अनेक डिस्क एकत्र चालवणारं कार्ड) गेला आणि जाताना डेटा घेऊन गेला. साडेचारला रिस्टोअर (टेपवरून डेटा परत आणणं) सुरू केला तो शुक्रवारी सकाळी साडेअकराला संपला. ४३ तास. सगळं परत आलं, एक फाइल गेली नाही. पण तोवर मशीनच्या मेमरीत होते तेवढेच प्रोग्रॅम चालले. मशीनवर काम लावणारे सेटर पेनड्राइव्ह घेऊन माझ्या दाराशी येऊन उभे राहायचे आणि मी त्यांना पडद्यावरचे टक्के दाखवायचो.

बॅकअप शनिवारच्या रात्रीत बसला पाहिजे आणि फाइल सर्व्हर एका पाळीत, म्हणजे ८ तासांत परत उभा राहिला पाहिजे. या दोन्ही गोष्टी एकत्र जमतात का? कुणी जमवल्या असतील तर सविस्तर लिहा. कितीही लांब लिहिलंत तरी वाचेन.

एडिसननाका | मंगळवार, सकाळी ७:०५

रातपाळी, एक सांगा. फाइल सर्व्हरचा बॅकअप किती स्ट्रीममध्ये जातो, आणि रिस्टोअर करताना त्या सगळ्या एकदम सुरू केल्या होत्या की एकामागून एक?

रातपाळी | मंगळवार, दुपारी १:१५

चार शेअर (सामायिक फोल्डर) आहेत, चार स्ट्रीम. प्रत्येक साधारण सेकंदाला २५ एमबीने चालते. रिस्टोअर एकामागून एक केले. सगळे एकदम लावले तर ड्राइव्हवर ताण येईल असं वाटलं.

एडिसननाका | मंगळवार, रात्री ८:३०

मग तुमचे ४३ तास कुठे गेले ते कागदावर मांडता येतं.

चार स्ट्रीम मिळून सेकंदाला १०० एमबी. ३.६ टीबीला १० तास. त्याच १० तासांत त्याच टेपवर बाकीच्या सर्व्हरच्या आठ स्ट्रीमही मिसळत होत्या. ड्राइव्ह एकूण २८० च्या आसपास धावत असेल, तर १० तासांत टेपवर १० टीबी उतरले. तुमचे ३.६ टीबी त्यात खिचडीतल्या डाळीसारखे पसरलेत. एक शेअर परत हवा असला तरी ड्राइव्हला पूर्ण १० टीबी वाचावे लागतात आणि त्यातले नको असलेले टाकून द्यावे लागतात. सेकंदाला ३०० च्या पूर्ण वेगानेही हे सव्वानऊ तासांचं काम. तुम्ही ते चार वेळा केलंत. ३७ तास इथेच झाले, उरलेले सहा इन्क्रिमेंटलचे आणि टेप बदलण्याचे.

तुमचं सॉफ्टवेअर नेटबॅकअप असेल तर त्यात याचसाठी सोय आहे. मल्टिप्लेक्स केलेल्या टेपवरून रिस्टोअर मागितला की तो लगेच सुरू होत नाही, मूळ सेटिंगमध्ये ३० सेकंद वाट बघतो. तेवढ्यात त्याच टेपवरचे बाकीचे रिस्टोअर मागितले तर सगळे एकाच फेरीत वाचले जातात. चारही शेअर एकदम मागितले असते तर टेप एकदाच वाचली गेली असती. दुसरं सॉफ्टवेअर असेल तर त्यात ही सोय आहे का ते आधी बघा, सगळीकडे नसते.

एखाद्या रविवारी रिकाम्या सर्व्हरवर करून बघा. काही विकत घ्यायची गरज नाही.

जुनाजाणता | मंगळवार, रात्री १०:१०

एडिसननाका यांचा हिशोब बरोबर आहे. पण मल्टिप्लेक्सिंग मुळात का वाढवावं लागलं ते समजल्याशिवाय पुढचा रस्ता सापडणार नाही, म्हणून जरा मागून सुरुवात करतो.

एलटीओ-८ ची टेप ९६० मीटर लांब. तिच्यावर ६६५६ ट्रॅक, आणि ड्राइव्ह एका वेळी ३२ ट्रॅक लिहितो. म्हणजे टेप एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत २०८ वेळा धावते तेव्हा १२ टीबी भरतात. एका फेरीत सुमारे ५८ जीबी. तुमच्या ड्राइव्हच्या ३०० च्या वेगाला एक फेरी सव्वातीन मिनिटांत होते, म्हणजे टेप सेकंदाला पाच मीटर धावते. पूर्ण उंचीच्या ड्राइव्हमध्ये ३६० ला ती सहा मीटर धावते.

एवढ्या वेगात धावणाऱ्या पट्टीला मागून डेटा मिळेनासा झाला तर ती जागच्या जागी थांबू शकत नाही. पुढे घसरते, मागे येते, पुन्हा वेग पकडते, मग लिहिते. प्रत्येक खेपेला काही सेकंद वाया. बुटाला पॉलिश करताना फडकं पुढेमागे ओढतात तसं, म्हणून याला शू-शायनिंग म्हणतात. वेळ जातोच, शिवाय हेड आणि टेप दोन्ही झिजतात. ड्राइव्ह आपला वेग कमी करून जुळवून घेतो, पण त्यालाही खालची हद्द आहे. एलटीओ-८ ला ती सेकंदाला ११२ एमबीच्या आसपास. तुमचा फाइल सर्व्हर १०० देतो. म्हणजे एकट्याने तो ड्राइव्हला कधीच पुरा पडणार नव्हता. एलटीओ-६ चा कमाल वेगच १६०, त्याची खालची हद्द आणखी खाली, म्हणून जुन्या ड्राइव्हवर हा त्रास जाणवला नाही.

इथे एक खाच आहे, ती बरेच जण विसरतात. ड्राइव्ह आतल्या आत कॉम्प्रेशन करतो. तुमचा डेटा निम्म्यावर येत असेल तर ती ११२ ची हद्द सर्व्हरच्या बाजूने २२४ होते. ड्रॉइंग आणि मजकुराच्या फाइल्स चांगल्या दबतात, त्यामुळे तुम्हाला आणखी जास्त पुरवठा लागतो.

ड्राइव्हला अखंड धार लागते, हे खरं. ती धार बारा स्ट्रीम मिसळून मिळवायची की मध्ये डिस्क ठेवून, एवढाच प्रश्न आहे. मिसळलं तर शनिवारी वाचवलेला वेळ बुधवारी व्याजासकट परत द्यावा लागतो. मध्ये डिस्क ठेवली तर सर्व्हर आपापल्या गतीने डिस्कवर लिहितात आणि डिस्कवरून टेपवर एकेका सर्व्हरचा डेटा सलग, पूर्ण वेगात उतरतो. ही कल्पना नवी नाही. मेरीलँड विद्यापीठात तयार झालेल्या अमांडामध्ये १९९० च्या दशकाच्या सुरुवातीपासून होल्डिंग डिस्क आहे. बॅक्युलामध्ये तिला स्पूलिंग म्हणतात.

हिरवागार | बुधवार, सकाळी ९:२०

प्रामाणिक प्रश्न आहे, राग मानू नका. आजच्या काळात टेप कशाला? सरळ क्लाउडवर ठेवा की.

निळावंती | बुधवार, सकाळी ११:००

हिरवागार, आमच्या इस्पितळात हा प्रश्न दरवर्षी येतो, म्हणून उत्तर तयार आहे. ३.६ टीबी १०० एमबीपीएसच्या लाइनवरून खाली उतरवायचे तर लाइन पूर्ण भरून चालली तरी ८० तास लागतात. रातपाळींच्या ४३ तासांच्या जवळपास दुप्पट. लाइन १ जीबीपीएसची असेल तर ८ तास. मग क्लाउडचा विचार जरूर करावा, पण एमआयडीसीत तेवढी लाइन दिवसभर खात्रीने मिळते का ते आधी बघावं.

दुसरं कारण माझ्या मते जास्त मोठं आहे. लायब्ररीतून बाहेर काढून कपाटात ठेवलेल्या टेपला कुठलंही सॉफ्टवेअर हात लावू शकत नाही. रॅन्समवेअरही नाही आणि आपलीच चुकीची कमांडही नाही. २०११ च्या फेब्रुवारीत जीमेलच्या सुमारे ०.०२ टक्के वापरकर्त्यांच्या मेलपेट्या सॉफ्टवेअरमधल्या दोषामुळे रिकाम्या झाल्या. डेटाच्या अनेक डेटासेंटरमध्ये प्रती होत्या, तरी दोष त्या प्रतींपर्यंत पोचला. मेल परत आले ते टेपवरून. परत आणायला वेळ लागला, पण आले.

रातपाळी, आता तुमच्यासाठी. आमच्याकडे क्ष-किरण, सीटी आणि एमआरआयच्या प्रतिमा असतात, म्हणजे छोट्या फाइल्सचा डोंगर. मला महागात पडलेली एक गोष्ट सांगते. टेपचा वेग सुधारला तरी रिस्टोअर तेवढा सुधारला नाही. ४२ लाख फाइल्स एकेक करून उघडायच्या, नाव द्यायचं, परवानग्या लावायच्या. सर्व्हर सेकंदाला १०० फाइल्स तयार करत असेल तर तेवढ्यालाच साडेअकरा तासांहून जास्त लागतात, मग टेप कितीही वेगात फिरो. त्यात अँटिव्हायरस प्रत्येक नवी फाइल तपासत बसला तर आणखी. तुमच्या रिस्टोअरच्या वेळी तो चालू होता का?

फाइल सर्व्हरचा बॅकअप फाइल-फाइल घेण्याऐवजी अख्ख्या व्हॉल्यूमची (डिस्कच्या पूर्ण भागाची) इमेज घेऊन बघा. ब्लॉकमागून ब्लॉक सलग वाचला जातो, फाइल्स किती आहेत याचा संबंधच राहत नाही. सेकंदाला २५० मिळाले तर ३.६ टीबी ४ तासांत. जाताना ४ आणि येतानाही ४.

जुनाजाणता | बुधवार, दुपारी १२:३५

निळावंतीताईंचा मुद्दा मला सुचायला हवा होता. फक्त एक अडचण मांडून ठेवतो. इमेजमधून एकच फाइल काढायची वेळ आली तर? आपल्याकडे अख्खा सर्व्हर वर्षा-दोन वर्षांतून एकदा जातो, पण "कालची फाइल चुकून उडाली" हा फोन आठवड्यातून दोनदा येतो. टेपवरच्या इमेजमधून एक फाइल काढायची तर काही सॉफ्टवेअरना आधी पूर्ण इमेज डिस्कवर उतरवावी लागते. एका ड्रॉइंगसाठी ४ तास.

निळावंती | बुधवार, दुपारी १:१०

मान्य. म्हणून आम्ही शेवटचे १४ दिवस डिस्कवरच ठेवतो. उडालेल्या फाइलचा फोन जवळजवळ नेहमी १४ दिवसांच्या आतच येतो. टेप त्याच्या मागे उभी असते.

सातमाळा | बुधवार, रात्री ९:४५

मी वेगळं सांगतो. अजून दोन ड्राइव्ह घ्या, मल्टिप्लेक्सिंग ३-४ वर आणा. चार ड्राइव्हवर काम वाटलं की संपलं. मधली डिस्क म्हणजे बिघडायला आणखी एक वस्तू.

एडिसननाका | गुरुवार, सकाळी ६:५०

सातमाळा, ड्राइव्ह वाढवले तर प्रत्येकाला स्वतंत्र धार लागेल. रातपाळींचे सर्व्हर आत्ताच दोन ड्राइव्हना बाराच्या मल्टिप्लेक्सिंगने कसेबसे पुरे पडतायत. चार ड्राइव्ह आणि प्रत्येकी तीन स्ट्रीम म्हणजे चारही ड्राइव्ह शू-शायनिंग करणार. सर्व्हर वेगवान असतील तिथे तुमचा उपाय उत्तम चालतो. माझ्या आधीच्या नोकरीत मोठ्या डेटाबेससाठी आम्ही तेच केलं होतं, एकेक डेटाबेस एकटा ड्राइव्ह पुरवायचा.

टीएसएम हे आयबीएमचं बॅकअप सॉफ्टवेअर वापरणाऱ्यांना हीच ओढाताण दुसऱ्या रूपात भेटते. तिथे फुल बॅकअप पहिल्यांदा एकदाच, मग कायम फक्त बदललेल्या फाइल्स. रात्री अगदी थोडा डेटा जातो, म्हणून रात्र सुखाची. पण दोन वर्षांनी एका सर्व्हरच्या फाइल्स चाळीस टेपांवर विखुरलेल्या सापडतात आणि रिस्टोअरचा निम्मा वेळ लायब्ररीचा हात टेपा काढण्या-घालण्यात घालवतो. त्यावर उपाय कोलोकेशन, म्हणजे एका सर्व्हरचा किंवा सर्व्हरांच्या एका गटाचा डेटा मोजक्या टेपांवर एकत्र ठेवणं. त्याला टेपा जास्त लागतात आणि लिहितानाही टेप जास्त वेळा बदलावी लागते.

तुमच्या इन्क्रिमेंटललाही हे लागू आहे. शनिवारचा फुल आणि बुधवारपर्यंतचे रोजचे तुकडे, म्हणजे चार जागांहून गोळा करायचं. रोज "गेल्या फुलपासूनचं सगळं" असा क्युम्युलेटिव्ह घेतलात तर दोनच जागा. रोज रात्री थोडं जास्त लिहावं लागेल, पण फाइल सर्व्हरवर आठवड्यात फार बदल होत नसतील तर ते जाणवणार नाही.

आंबाघाट | गुरुवार, दुपारी ४:२०

टेपची बाहेरची प्रत कुठे ठेवता? यावेळी तुमची टेप लायब्ररीतच होती म्हणून बरं. आमच्या कोकणातल्या ऑफिसची प्रत बँकेच्या लॉकरमध्ये असायची. दुसऱ्या शनिवारी पहाटे गरज पडली. बँक दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी बंद. रविवारी बंद. सोमवारी सकाळी दहाला टेप हातात आली. रिस्टोअरला तीन तास लागले आणि टेप मिळायला दोन दिवस. आता प्रत दुसऱ्या इमारतीत कुलूपबंद कपाटात असते आणि किल्ली दोघांकडे.

पावसाळ्याचंही बघा. टेप दीर्घकाळ ठेवायची तर हवेतला दमटपणा ५० टक्क्यांच्या आत हवा. ओलसर जागेतून आणलेली टेप तशीच थंडगार सर्व्हररूममध्ये ड्राइव्हला लावू नये. तिथल्या हवेत एक दिवस राहू द्यावी. तो दिवसही तुमच्या ८ तासांत मोजावा लागेल, म्हणून आम्ही कपाटालाच कोरडं ठेवायची व्यवस्था केली.

आणि हो, एलटीओ-६ च्या टेपा अजून असतील तर जुना ड्राइव्ह भंगारात देऊ नका. एलटीओ-७ पर्यंत ड्राइव्ह दोन पिढ्या मागचं वाचायचे. एलटीओ-८ मध्ये हेडचं तंत्र बदललं आणि तो फक्त एलटीओ-७ पर्यंतच मागे जातो.

रातपाळी | रविवार, रात्री १०:५५

सगळ्यांचे मनापासून आभार. आज आधी एडिसननाकांनी सांगितलेलं करून बघितलं. तीच टेप, तोच ड्राइव्ह, एक रिकामा सर्व्हर, चारही शेअर वीस सेकंदांच्या आत मागितले. शनिवारचा फुल ११ तास ४० मिनिटांत पूर्ण उतरला.

खरं सांगतो, आनंद झाला आणि वाईटही वाटलं. त्या बुधवारी हे माहीत असतं तर गुरुवारच्या पहिल्या पाळीत मशीन सुरू झाली असती.

निळावंतीताई, हो, अँटिव्हायरस चालू होता. आजही होता, पुढच्या वेळी बंद ठेवून मोजेन. आंबाघाट, जुना एलटीओ-६ ड्राइव्ह माळ्यावर होता, तो उद्या खाली आणतोय.

जुनाजाणता | रविवार, रात्री ११:३०

सव्वानऊऐवजी ११:४० लागले, म्हणजे वरचा वेळ फाइल्स तयार करण्यात गेला असावा. आता डिस्क मध्ये आणाल तेव्हा एक काळजी घ्या. एकाच डिस्कसंचावर एकीकडे बॅकअप लिहिला जातोय आणि दुसरीकडे तिथूनच टेप भरली जातेय, असं करू नका. डिस्कची डोकी इकडून तिकडे धावत राहतात, वाचण्याचा वेग कोसळतो आणि टेप पुन्हा शू-शायनिंग करते. रात्री फक्त डिस्कवर लिहा, सकाळी टेपकडे पाठवा. टेपवर पाठवताना मल्टिप्लेक्सिंग १. टेपला लिहिण्याचा ब्लॉक ६४ केबीचा असेल तर २५६ केबी करून मोजा, पण बदलल्यावर जुनी एक टेप वाचून खात्री करा.

रातपाळी | सहा आठवड्यांनंतर, रविवार, रात्री ९:२०

उशीर झाला, कारण डिस्कची मंजुरी यायला महिना गेला. त्या महिन्यात रिकामं बसलो नाही. नेटबॅकअपमध्ये टेपवरून टेपवर प्रत काढताना मिसळलेल्या स्ट्रीम सुट्या होतात, तसं न करण्याचा पर्याय मुद्दाम निवडला नाही तर. म्हणून दर रविवारी दोन ड्राइव्ह वापरून फक्त फाइल सर्व्हरची सुटी प्रत काढून ठेवत होतो.

आता १२ डिस्कचा संच आलाय. शनिवारी रात्री १० ला सगळे सर्व्हर डिस्कवर लिहायला लागतात आणि सकाळी ७ पर्यंत संपतात. फाइल सर्व्हरची इमेज सव्वाचार तासांत होते. सकाळी ८ पासून टेप. ड्राइव्ह २७० ते २९० वर सलग चालतो, तो थांबण्याचा आवाज बंद झाला. सगळं टेपवर जायला रविवारची संध्याकाळ होते, पण तेव्हा कुणाचं काही अडत नाही.

काल रात्री पूर्ण चाचणी घेतली. टेपवरून इमेज आणि त्यावर शुक्रवारपर्यंतचा क्युम्युलेटिव्ह, अँटिव्हायरस बंद: ५ तास १० मिनिटं. सीएनसी प्रोग्रॅमचा शेअर वेगळ्या व्हॉल्यूमवर हलवलाय, तो आकाराने लहान आहे. तो एकटा टेपवरून २५ मिनिटांत उभा राहतो, टेप शोधून लावण्याच्या वेळेसकट. पुढच्या वेळी पहिला तोच आणणार, ड्रॉइंग मागून आले तरी चालतील.

एक गोष्ट अजून सुटलेली नाही. महिनाअखेरीला ईआरपीचे (कंपनीचे सगळे व्यवहार सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरचे) अहवाल रात्रभर चालतात. त्या शनिवारी डेटाबेसचा बॅकअप ७ वाजता संपत नाही आणि टेपचं काम मागे पडतं. पहिल्याच महिनाअखेरीला टेप रात्री दीडला संपली आणि सोमवारी सकाळी ती कपाटात ठेवायची राहिली.

एडिसननाका | सोमवार, सकाळी ६:४०

त्या एका शनिवारी फाइल सर्व्हर रांगेत पहिला घ्या आणि डेटाबेस शेवटी. फाइल सर्व्हरची टेप दुपारीच बाहेर पडेल. डेटाबेसची प्रत तोवर डिस्कवर आहेच, तिची टेप सोमवारी गेली तरी फरक पडत नाही.

निळावंती | सोमवार, सकाळी १०:१५

फाइल्स आल्या एवढं बघू नका, उघडतायत का तेही बघा. आणि ते आपण नाही, जो रोज वापरतो त्याने बघावं. आमच्याकडे एकदा सगळ्या प्रतिमा परत आल्या, पण परवानग्या चुकल्या होत्या आणि डॉक्टरांना एकही उघडेना.

रातपाळी | सोमवार, दुपारी २:०५

रांग बदलली. आणि येत्या रविवारी दुसऱ्या पाळीच्या दोन सेटरना बोलावलंय. परत आणलेल्या शेअरमधून त्यांनी स्वतः दहा प्रोग्रॅम निवडायचे, मशीनवर चढवायचे आणि कोरडी फेरी, म्हणजे भाग न कापता, चालवून बघायची. काय निघतं ते इथेच लिहितो.